महाराजांच्या आठ फेऱ्या

महाराज अंखनेफेर यांनी धावायचं ठरवलं आणि राजवाड्यात सगळ्यांची झोप उडाली. महाराज तेवढे ढाराढूर झोपत होते.

गादीवर बसून तीस वर्षं झाली की राजानं देवांसमोर धावायचं, ही नदीकाठची फार जुनी रीत. देवळाच्या अंगणात दगडांच्या दोन खुणा मांडायच्या आणि त्यांच्याभोवती आठ फेऱ्या घालायच्या, चार दक्षिणेच्या पांढऱ्या मुकुटात आणि चार उत्तरेच्या लाल मुकुटात. फेऱ्या झाल्या की देव राजाच्या अंगात नवं तारुण्य भरतात आणि त्याच्या राज्याबद्दल कुणी तोंडातून ब्र काढायचा नाही. अंखनेफेर यांचं राज्य खरं तर नावेनं दीड दिवसात संपत असे. दक्षिण देश त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता आणि उत्तरेतही त्यांच्यासारखे डझनभर राजे होते. पण मुकुट दोन्ही होते आणि धूळ बसू नये म्हणून ते रोज पुसले जात.

तीस वर्षं भरायलाही अजून तीन बाकी होती. पण कापणीच्या जेवणावळीत थोरला मुलगा हरखेब, जो फौज सांभाळत असे, म्हणाला, "बाबा, आता तुम्ही विश्रांती घ्यावी." धाकटा पेतेसे, जो देवळाचं सगळं पाहत असे, त्यानं जन्मात पहिल्यांदा भावाच्या बोलण्यावर मान डोलावली. महाराजांनी हातातली बदकाची तंगडी ताटात ठेवली.

"मी धावणार," ते म्हणाले. "पुढच्या अमावास्येनंतर. तयारी करा."

ती तयारी आता झाली होती. सकाळची उन्हं अंगणात उतरली होती, भिंतीलगत अख्खं पेर-नेहेत गाव कांदे, भाकऱ्या आणि सातूच्या दारूचे बुधले घेऊन बसलं होतं, आणि आतल्या खोलीत महाराजांची बहीण तादिबास्त भावाच्या कमरेला, धावणाऱ्या राजानं लावायचं बैलाचं शेपूट बांधत होती.

"घट्ट बांध, तादी," महाराज म्हणाले. "आजोबांचं तिसऱ्या फेरीत गळून पडलं होतं."

"आजोबा धावले तेव्हा पंचेचाळीसचे होते, दादा. तू सत्तरचा आहेस."

"अडुसष्ट."

"मी पासष्टची, आणि तू माझ्याहून पाच वर्षांनी थोर."

"राजाचं वय देव ठरवतात."

"आणि गुडघा?"

महाराजांनी पाय मागे घेतला. उजवा गुडघा कवठाएवढा सुजला होता. तादिबास्तनं त्यावर पट्टी बांधली होती आणि पट्टीवर सोन्याचा पत्रा, म्हणजे लांबून तो दागिना वाटावा.

ती बाहेर आली तेव्हा मुख्य पुजारी नेसमिन दारातच उभा होता, हातात पोथीची गुंडाळी. नेसमिन पोथीबाहेर एक पाऊल टाकत नसे आणि पोथीतलं बोलल्याशिवाय राहतही नसे.

"तादिबास्तबाई, एक गोष्ट कानावर घालून ठेवतो," तो हळूच म्हणाला. "राजा मध्येच पडला, तर उरलेल्या फेऱ्या वारसानं मुकुट घालून पुऱ्या करायच्या, असं लिहिलंय. ज्यानं पुऱ्या केल्या तो राजा."

"कोणता वारस?"

"ते लिहिलेलं नाही. तेव्हाच्या लोकांना बहुधा एकच मुलगा होत असावा."

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"राजपुत्रांनी विचारलं, म्हणून सांगितलं. दोघांनी वेगवेगळं विचारलं."

तादिबास्त अंगणाच्या कडेला गेली आणि दोन्ही भाच्यांकडे नीट पाहिलं. डावीकडे हरखेब त्याच्या सरदारांत उभा होता. छातीवर शौर्याबद्दल मिळणाऱ्या सोन्याच्या माशा, खांद्यावर शहामृगाचं पीस, पण खाली गुडघ्याच्या वर संपणारं आखूड वस्त्र. उजवीकडे पेतेसे पुजाऱ्यांत. डोकं गुळगुळीत, अंगावर पांढरंशुभ्र तलम कापड, आणि तेही आखूडच. शिवाय त्यानं वहाणा काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि टाचा उचलून पाय मोकळे करत होता.

दोघंही धावायला आले होते.

सत्तावीस वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा याच अंगणात तिचे दोन भाऊ असेच दोन बाजूंना उभे होते. अंखनेफेर आणि त्याच्याहून थोरला. एका मुकुटासाठी चार महिने नदीकाठची गावं जळत राहिली. तिचा नवरा दोघांत समेट करायला नावेतून गेला. नाव परत आली, त्यात त्याचं उन्हाचं छत्र होतं, तो नव्हता. कुणाच्या बाणानं तो मेला, हे कधीच कळलं नाही, कारण दोन्ही भावांनी बाण दुसऱ्याचा होता असं शपथेवर सांगितलं. थोरला त्याच लढाईत मारला गेला. उरलेल्या भावावर तिचं प्रेम होतं, पण ही गोष्ट ती विसरली नव्हती.

हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. कसं, ते अजून ठाऊक नव्हतं. मग हरखेबच्या पोटाकडे तिचं लक्ष गेलं. सोन्याच्या माशांखाली ते चांगलं सुटलं होतं.

ती डावीकडे गेली.

"हरखेब, पहाटे काही खाल्लंस का?"

"थोडंसं, आत्या. दोन कबुतरं."

"बरं केलंस. पेतेसे बघ, महिना झाला, एका वेळच्या भाकरीवर आहे. रोज पहाटे देवळाच्या तळ्याभोवती धावतो म्हणे. कालच मोजल्या कुणीतरी, चाळीस फेऱ्या."

हरखेबचा चेहरा उतरला. त्यानं उजवीकडे पाहिलं. पेतेसे टाचा उचलत होता.

"चाळीस?"

"दादा पडला, तर मुकुटाकडे आधी कोण पोहोचणार हे उघडच आहे. तुझी फौज काय करणार? गावासमोर देवाच्या अंगणात भाले थोडेच काढणार?"

"नाही," हरखेब कसनुसा होत म्हणाला. "मग काय करू?"

"दादा पडू नये एवढं बघ. आजचा दिवस गेला की तू महिनाभर धावण्याचा सराव कर, मग बघू."

तिथून ती सावकाश चालत उजवीकडे आली. पेतेसेची आई, राणी ताशेरी, मुलाच्या मागे पंख्याआड बसली होती. ती महाराजांची दुसरी बायको. थोरली राणी हरखेबला मागे ठेवून कधीच गेली होती. ताशेरी तादिबास्तला बघून गोड हसली. ती गोड हसली की काहीतरी शिजत असे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"वन्सं, उन्हात का फिरताय? बसा."

"बसते वहिनी. पेतेसे, बाळा, भिंतीवर बघू नकोस हं."

पेतेसेनं लगेच भिंतीवर पाहिलं. "का, आत्या?"

"काही नाही. हरखेबनं चार धनुर्धारी वर ठेवलेत. तुला काही करणार नाहीत. तू मुकुटाला हात लावलास तरच."

पेतेसेच्या टाचा जमिनीला टेकल्या. राणी ताशेरीचा पंखा थांबला.

"तो असं करेल?" ताशेरीनं विचारलं.

"फौजेतला माणूस, वहिनी. त्याला दुसरं काय सुचणार?"

"पण मग आज जर महाराज पडले..." पेतेसे म्हणाला आणि त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

"आज नाही पडायचे," ताशेरी एकदम म्हणाली. "आज पडता कामा नयेत. पेतेसे, वहाणा घाल."

तुतारी वाजली. महाराज बाहेर आले. पांढरा उंच मुकुट, एका हातात आसूड, दुसऱ्या हातात राज्याच्या जमिनीचा कागद ठेवलेली नळी, मागे शेपूट. गाव ओरडलं. महाराजांनी पोट आत घेतलं आणि निघाले.

खोटं कशाला सांगायचं, पहिल्या चार फेऱ्या त्यांनी छान काढल्या. धावणं म्हणजे घाईतलं चालणंच होतं, पण ऐट अशी की लांबून धावणं वाटावं. प्रत्येक दगडापाशी ते आसूड उंचावत आणि त्या निमित्तानं दोन श्वास घेत. चौथी फेरी संपली तेव्हा ते चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसले. नेसमिननं पांढरा मुकुट काढून लाल मुकुट हातात घेतला.

"झालं ना?" महाराजांनी विचारलं.

"निम्मं झालं, महाराज."

"दक्षिण देश तर सगळा झाला."

"आता उत्तर."

"उत्तर लहान आहे. दोन फेऱ्यांत बसेल."

"चारच लिहिल्यात, महाराज."

महाराजांनी बहिणीकडे पाहिलं. तादिबास्तला वाटलं, आता थांब म्हणावं, पुरे झालं म्हणावं. पण थांबणं म्हणजे पडणंच होतं. तिनं पदरानं त्यांचं कपाळ टिपलं आणि म्हणाली, "ऊठ, दादा."

लाल मुकुट पांढऱ्याहून जड होता. पाचवी फेरी झाली. सहावीच्या वळणावर गुडघ्यावरचा सोन्याचा पत्रा निसटला आणि उन्हात लखलखत घरंगळत गेला. महाराजांचा पाय मुडपला. मुकुट कलला. अख्ख्या गावाच्या हातातल्या भाकऱ्या हातात राहिल्या.

हरखेब डावीकडून सुटला आणि पेतेसे उजवीकडून. तादिबास्तनं डोळे मिटले. उघडले तेव्हा एका भावानं बापाचा डावा दंड धरला होता, दुसऱ्यानं उजवा, आणि गुडघा जमिनीपासून चार बोटं वर होता.

"टेकला नाही," नेसमिन मोठ्यानं म्हणाला. "टेकला नाही तर पडला म्हणत नाहीत. चालू द्या."

"सोडा मला," महाराज म्हणाले. "मी धावतोय."

"धावा, बाबा," हरखेब म्हणाला आणि बापाला आणखी वर उचललं. महाराजांचे पाय हवेत चालले होते, तालात, अगदी ऐटीत.

"तू तुझी बाजू खाली सोडतोयस," हरखेब दात आवळून म्हणाला.

"तुझ्या उंचीला मी काय करू?" पेतेसे म्हणाला. त्याच्या वहाणेचा पट्टा तुटला होता आणि ती फटक-फटक वाजत होती. "वर भिंतीवर बघून सांग ना त्यांना, मी मुकुटाला हात लावत नाहीये."

"कुणाला सांगू?"

"तुझ्या माणसांना."

"माझी माणसं खाली आहेत. तू गप धाव. तुला काय, चाळीस फेऱ्यांची सवय आहे."

"कसल्या चाळीस? मला चक्कर येतेय."

सातवी फेरी अशी झाली. आठवीत कोण कुणाला धरून आहे, तेच कळत नव्हतं. पण गावाला फक्त एवढं दिसलं की म्हाताऱ्या राजाचे दोन मुलगे बापाला खांदा देऊन धावताहेत. बायका रडायला लागल्या. एका कुंभारानं आपल्या दोन्ही पोरांच्या डोक्यात एकेक टपली मारली आणि म्हणाला, "बघा, शिका काहीतरी." तुतारी वाजली. महाराज दोन्ही देशांचे स्वामी ठरले, पुन्हा एकदा, आणि चौथऱ्यावर आडवे झाले.

दुपारी मेजवानी होती. भाजलेले हंस, खजुराची खीर, तळ्यातले मासे. तादिबास्त मात्र आपल्या खोलीत चटईवर पाय पसरून बसली होती, इतकी दमली होती जणू तीच धावली. दारातून दोघं आत आले. दोघंही एकदम आत शिरायला गेले आणि चौकटीत अडकले.

"आत्या," हरखेब सुटून आत येत म्हणाला, "पेतेसे आयुष्यात तळ्याभोवती धावलेला नाही. दोन फेऱ्यांत हा ओकला."

"आणि भिंतीवर कुणी धनुर्धारी नव्हते," पेतेसे म्हणाला. त्याचा चेहरा अजून पांढरा होता. "धान्यावरचे पक्षी हाकलणारे दोन म्हातारे होते. त्यांच्याकडे गोफणी होत्या."

"बरं मग?" तादिबास्त म्हणाली.

"तू खोटं बोललीस."

"दोघांशी सारखंच बोलले. भेदभाव केला नाही."

"आत्या, हा चेष्टेचा विषय नाही," हरखेब म्हणाला. "राज्याचा प्रश्न होता."

तादिबास्तनं पाय आवरून घेतले. "राज्याचा प्रश्न मी एकदा बघितलाय, हरखेब. तू तेव्हा पाळण्यात होतास आणि हा जन्मलाही नव्हता. त्या वेळी माझ्याकडे खोटं बोलायची अक्कल असती, तर तुमचे थोरले काका आज मेजवानीत हंस खात बसले असते. आता रागवायचं असेल तर रागवा."

काकांचं नाव या घरात कुणी काढत नसे. हरखेबनं खाली पाहिलं. पेतेसे काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात राणी ताशेरी आत आली. तिच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर ओघळलं होतं आणि ती अजिबात गोड हसत नव्हती.

"वन्सं, तुमच्या भावाला आवरा."

"काय झालं, वहिनी? दुखतंय का?"

"दुखत असतं तर बरं झालं असतं. नाव तयार करायला सांगितलीय. उद्या शेजारच्या राजाकडे निरोप जाणार. त्यांची धाकटी मुलगी मागताहेत."

"कुणासाठी?" पेतेसेनं विचारलं.

"स्वतःसाठी. देवांनी अंगात तारुण्य भरलंय, ते वाया का घालवायचं, म्हणतात. मी म्हटलं, अहो, गुडघा बघा. तर म्हणाले, लग्न गुडघ्यानं करत नाहीत."

हरखेब हळूहळू चटईवर बसला.

"किती वर्षांची आहे?"

"एकोणीस."

"म्हणजे मुलगा होऊ शकतो," तो म्हणाला.

"आणि आजोळी मोठी फौज," पेतेसे म्हणाला. "तुझ्या दुप्पट."

"तिप्पट. तुझ्या देवळाच्या जमिनीही त्यांना लागून आहेत."

"मग पहिल्या वर्षीच मागतील."

हरखेब सरकला आणि पेतेसे त्याच्या शेजारी बसला. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, त्यांच्यासुद्धा. तादिबास्तच्या मात्र लक्षात आलं.

"मी नाव अडवतो," हरखेब म्हणाला. "दुसऱ्या बंधाऱ्यापाशी माझी चौकी आहे."

"अडवलीस तर ते दुसरी पाठवतील. त्यापेक्षा मी कौल लावतो. देव म्हणेल, मुहूर्त नाही."

"नेसमिन ऐकेल का?"

"पोथीत सापडायला हवं."

"सापडेल. तू शोध. तोवर मी नावाड्याला आजारी पाडतो."

"त्याला विष नको हं," राणी ताशेरी मध्येच म्हणाली.

"विष कशाला, राणीसाहेब? त्याला दारू पाजतो."

हरखेबनं सावत्र आईला इतक्या साध्या आवाजात उत्तर दिल्याचं तादिबास्तनं आजवर ऐकलं नव्हतं. ताशेरीनंही मान हलवली आणि गालावरचं काजळ पुसत ती त्या दोघांसमोर बसली. थोड्या वेळानं तिघांची डोकी इतकी जवळ आली की तादिबास्तला त्यांचं बोलणं नीट ऐकूही येईना.

ती उठली. "नाव कुणी अडवायची नाही," ती म्हणाली. तिघांनी वर पाहिलं. "कौलही लावायचा नाही आणि नावाडीही शुद्धीत राहू दे. निरोप जाऊ दे. बाकीचं मी बघते. पण तुम्ही तिघं असेच रोज भेटत जा. डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला हवं. एकट्याचं काम नाही हे."

"रोज?" पेतेसेनं विचारलं.

"संध्याकाळी, जेवायच्या वेळी," हरखेब म्हणाला. "माझ्याकडे या. माझा आचारी बरा आहे."

महाराज गच्चीवर कापडी मांडवाखाली पडले होते, पाय उशीवर. मुकुट शेजारच्या तिवईवर होता. खाली अंगणात गाव अजून नाचत होतं.

"तादी, खरं सांग," ते डोळे न उघडता म्हणाले. "मी पडलो का गं?"

"नाही, दादा. टेकला नाहीस."

"मग ते दोघं का धावत आले?"

"प्रेम उतू गेलं."

महाराज म्हणाले, "दोघांनी एकदम उचललं मला. सत्तरी आली, पोरपणानंतर कुणी उचललं नव्हतं." ते थोडे हसले. "हलकं वाटलं. थोरला दादा असाच उचलायचा मला, नदीत पोहायला शिकवताना. आठवतं तुला?"

तादिबास्तला आठवत होतं. सत्तावीस वर्षांत अंखनेफेरनं त्या भावाचा उल्लेख पहिल्यांदा केला होता. ती उशीशी बसली आणि तिनं महाराजांच्या पायावरची पट्टी सोडायला घेतली.

"आठवतं," ती म्हणाली.

"माझा बाण नव्हता तो, तादी. तुझ्या नवऱ्याला लागला तो."

"ठाऊक आहे."

खरं तर तिला ठाऊक नव्हतं. पण दिवसभरात इतकं खोटं बोलून झालं होतं की आणखी एकानं काही बिघडणार नव्हतं, आणि हे बोलताना तिला बरं वाटलं.

महाराजांनी डोळे उघडले. "ताशेरीनं लग्नाचं सांगितलं असेल तुला. तूही नको म्हणायला आलीस का?"

"छे. नको का म्हणू? राजाला शोभेल अशी मुलगी हवी, एवढंच. एकदम पहिल्याच घरी होकार द्यायचा नाही. निरोप जाऊ दे, त्यांचा येऊ दे, मग मी स्वतः जाऊन बघून येईन. मग त्यांच्याकडचे लोक इथे येतील, घर बघतील. आंदणाचं बोलणं, पत्रिका, कौल. शिवाय आणखी दोन-तीन राजांच्या मुली आहेत, त्याही बघायला हव्यात."

"वेळ लागेल म्हणजे."

"चांगल्या घरात वेळ लागतोच."

"किती?"

तादिबास्तनं सुजलेल्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि हलकेच दाबत मनाशी अंदाज घेतला. खालून, तिच्या खोलीतून, हरखेबच्या हसण्याचा आवाज आला आणि त्यामागून पेतेसेचा.

"चार-पाच वर्षं," ती म्हणाली. "तुला घाई नाही ना? आता तर तू तरुण झालास."